बंधारा काढला की व्हाळ आटतो?

पावसाच्या तोंडावर गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘नदी मोकळी करा म्हणणाऱ्यांना बंधारे फोडून कोकण कोरडं करायचंय. मासे पुरात चढतातच. खाडीचं खारं पाणी विहिरीत शिरेल. ही परदेशी थेरं इथे नकोत.’

पहिलं, कोरडं होण्याचं. सह्याद्रीच्या उतारावरून येणारं पाणी माती-गोटे घेऊनच उतरतं. बर्गे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्या, वेळेत काढले नाहीत की तो गाळ भिंतीमागे बसतो. मार्चमध्ये ज्याच्यामागे गुरं चरताना दिसतात, अशा बंधाऱ्यात साठा तो कसला? ज्याच्या पाण्यावर बागा शिंपल्या जातात, तो काढा असं कोणी म्हणत नाही. आणि उन्हाळ्यासाठी अडवायचंच असेल तर वनराई बंधारा आहे की! पाऊस सरल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून रचायचा. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून जातो किंवा सोडता येतो, म्हणजे मासे चढायच्या वेळी वाट मोकळी.

आता मासे. जूनचं पहिलं गढूळ पाणी आलं की मळ्ये, शिंगट्या अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघतात, व्हाळातून पार भातखाचरापर्यंत. अशा रात्री बॅटरी घेऊन बंधाऱ्याखाली जाऊन बघा. बर्गे काढलेले असले तरी पायथ्याची जमीन पुराने खणून नेलेली असते आणि काँक्रीटची कमरेएवढी पायरी उघडी पडलेली असते. तिच्यावरून बोटभर पाणी सरकतं. मासा उसळतो, काँक्रीटवर आपटतो, परत खाली. काठावर पागर (फेकायचं जाळं) घेऊन माणसं उभीच असतात. पाटीतले निम्मे मासे गाभोळीचे, पोटात अंडी असलेले. मासे सहज चढत असते तर ही गर्दी नेमकी बंधाऱ्याच्याच पायथ्याशी कशाला जमली असती? (मग पुढच्या वर्षी ‘मासेच उरले नाहीत’ म्हणून हेच लोक हळहळतात.)

मोठ्या पुरात काही मासे चढतात, हे खरं. पण अहिर (सापासारखा लांब मासा) जन्मतो समुद्रात आणि वाढतो गोड्या पाण्यात. अंडी घालायला त्याला परत समुद्रच गाठावा लागतो. नदीतल्या मोठ्या कोळंबीचंही काहीसं तसंच: पिल्लांना खाडीचं मचूळ पाणी लागतं, जरा वाढली की ती वर सरकतात. एखाद्या पुराच्या भरवशावर यांचं भागत नाही.

परदेशी थेरं म्हणाल, तर अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४ मध्ये काढली. २०२४च्या ऑक्टोबरातच सामन मासे जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेले. ती वीजनिर्मितीची धरणं होती. आपल्याकडे प्रश्न छातीएवढ्या भिंतींचा आहे.

खाऱ्या पाण्याची भीती मात्र खोटी नाही. भरती अडवणाऱ्या बांधांना हात लावू नये. ते गेले तर शेतं आणि विहिरी दोन्ही खारटतील. सुरुवात करायची तर वरच्या अंगाच्या, गाळाने भरलेल्या बंधाऱ्यांपासून, तीही पावसाळ्याआधी थोडा थोडा गाळ उपसून. सगळा गाळ एकदम सुटला तर खालच्या कोंडी (नदीतले खोल डोह) बुजतील, आणि उन्हाळ्यात मासे तगतात ते तिथेच.