भाता कुणी ओढला?

आज शाळेच्या सायकल स्पर्धेत एका पोराला बाद केलं. का? चेन पडली, अन् पंक्चरवाल्या चाचांनी टपरीतून उठून ती बसवून दिली. "बाहेरची मदत" म्हणे. पोरगं हँडल धरून रडायलंय अन् सर नियम वाचून दाखवायलेत. डोकं सटकलं राव.

अण्णा आठवले. घाटनांदूरच्या अलीकडं त्यांच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला होता. सायकल त्यांच्या खांद्यावर, मागं मी, सात-आठ वर्षांचा. लोहारमामांच्या पालावर पोचलो तर मामा म्हणाले, "अण्णा, तुम्ही सांडशी धरा. लेकरू ओढील भाता." ओढला. तळहाताला फोड आले.

आम्हाला कुणी दंड लावला नाही. युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूला लावला! १९१३ ची टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत. तूर्मालेचा घाट उतरताना चिमटाच मोडला. गडी दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या गावात लोहाराकडं गेला. दुरुस्ती ज्याची त्यानंच करायची, असा नियम. मग यानं स्वतः घण मारले, अधिकारी डोळ्यात तेल घालून शेजारी उभे. दोनच हात माणसाला, म्हणून एका पोरानं भाता ओढला. झाला दंड! आधी दहा मिनिटं, मग मोठ्या मनानं तीन. तासन्‌तास आधीच गेले होते त्याचे.

अन् शर्यत तरी कशासाठी काढलेली? 'लोतो' नावाचा पेपर खपावा म्हणून, १९०३ साली. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर. साठ निघाले, एकवीस पोचले. धंदा तुमचा, रक्त आटवायचं पोरांनी!

बरं, १९०४ ला लबाड्या इतक्या झाल्या की पहिले चारही बाद करावे लागले. नियम लागतात, मान्य. पण भात्याला?

१९१९ ला पिवळी जर्सी निघाली, त्या पेपरचा कागद पिवळा म्हणून. ती पहिल्यांदा घातली क्रिस्तोफनंच. लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवायचे. जिंकत आला होता, अन् परत चिमटा मोडला. टूर त्याला कधीच मिळाली नाही. हे लिहिताना माझाच राग उतरायलाय.

अण्णांनी तो सांधलेला चिमटा पुढं कैक वर्षं चालवला. पाहुण्यांना सायकल दाखवताना म्हणायचे, "भाता आमच्या लेकरानं ओढला."

संध्याकाळी टपरीवरून येत होतो. चाचांनी हटकलं, "ते पोरगं कितवं आलं हो?"

मी म्हणलं, चेन मस्त बसली होती, चाचा.