टेकडी चढलो, उतार कुठं अडला?

“आधी विकास होऊ द्या, विषमता मग आपोआप कमी होते.” मिहान (नागपूरचा विमानतळालगतचा औद्योगिक प्रकल्प) असो की समृद्धी महामार्ग, चर्चा निघाली की हे वाक्य येतंच. त्याचं मूळ अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या 1955 च्या निबंधात आहे. वाढीच्या सुरुवातीला विषमता चढते, पुढं उतरते, आलेख टेकडीसारखा. (नागपूरकराला टेकडी म्हटलं की गणपतीच आठवणार, ही वेगळी.) यात माहिती फार तर 5 टक्के अन् 95 टक्के अंदाज, असं खुद्द कुझनेट्सनीच लिहून ठेवलंय. ते मात्र कोणी सांगत नाही.

ही टेकडी कशी तयार होते, कागदावर करून पाहा. 100 मजूर, सगळे शेतावर, महिन्याला 10 हजार. गिनी गुणांक, म्हणजे विषमतेचं माप (सगळे सारखे तर 0, सगळं एकाकडंच तर 1), शून्य. त्यातले 10 जण नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात 30 हजारांवर लागले, गिनी 0.15. 30 जण गेले की 0.26. हिशोब सोपा आहे: कारखान्यातल्या 30 जणांचे 9 लाख, सगळ्यांचे मिळून 16 लाख, म्हणजे वाटा 56 टक्के, त्यातून त्यांची संख्या, 30 टक्के, वजा करा. 80 जण गेले की गिनी परत 0.12 वर. कोणाचाच दर बदलला नाही, सरकारनं काही वाटलं नाही, नुसती माणसं हलली.

म्हणजे उतार लागायला शेतातून माणसं निघतच राहिली पाहिजेत. आपलं घोडं इथंच अडलं. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात शेतीवरच्या कामगारांचा वाटा 2018-19 ला 42.5 टक्के होता, 2023-24 ला 46.1. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र 18 टक्क्यांच्या आसपास. गाडी नुसती थांबली नाही, मागं घसरली! आणि जो गावातून निघतो तो 30 हजारांच्या पक्क्या नोकरीत जातो, असंही नाही. तो सकाळी मजुरांच्या ठिय्यावर काम मिळायची वाट बघत उभा राहतो, नाहीतर ठेकेदाराच्या हजेरीवर लागतो. वरच्या गणितात 30 हजारांच्या जागी 14 हजार टाका. टेकडी बुटकी होते, आणि लोक म्हणतात बघा, विषमता कमीच आहे. गरिबी मात्र तिथंच.

तैवान आणि दक्षिण कोरियानं कारखान्यांच्या आधी कुळांना जमीन दिली, पाठोपाठ शाळा. त्यांची वाढ झपाट्यानं झाली, तरी टेकडी फारशी चढावी लागली नाही.

2025 मध्ये जागतिक बँकेचा 25.5 (वरच्या मापात 0.255) हा गिनी दाखवून भारत समानतेत जगात चौथा, अशी बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली. तो आकडा खर्चाचा आहे; ब्राझीलसारख्या देशांचा मोजतात तो उत्पन्नाचा. 2 लाख कमावणारा 80 हजार खर्च करतो, 15 हजारवाला सगळेच. कमाईत 13 पट फरक, खर्चात 5 पट. दोन वेगळ्या मापांनी मोजून नंबर लावला की असंच होणार.

तेव्हा मिहानमध्ये नवा प्रकल्प आला की किती कोटींचा, हे नंतर विचारा. पक्के किती, ठेकेदारी किती, अन् ठेकेदाराकडच्याचा हातात पडणारा पगार किती, हे आधी.