माहीमला मेणबत्ती लावली की माणूस ख्रिश्चन होतो म्हणे!

मंगळवारी रात्री आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पडला. वर तीन लाल दिवे, खाली 'प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा'. हाच मेसेज मला याआधी तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा मी न वाचता उडवलाय, पण या वेळी पाठवणारी माझी सख्खी आई. आणि त्या ग्रुपवर रोझीमावशी आहे. कलिन्याला आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची, मे महिन्यात मसाले कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायची आणि त्यातली एक बाटली न मागता आमच्याकडे यायची. तिने मेसेज वाचलाय, निळ्या टिका दिसतायत. काहीच बोलली नाही. म्हणून मी बोलते.

मेसेजमध्ये काय आहे तर, मुंबईच्या ख्रिश्चनांना इंग्रजांनी तांदळाच्या पोत्यावर बाटवलं, ते मराठी नाहीतच, गल्लोगल्लीचे क्रॉस जागा हडपायला हल्ली उभे केलेत, माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी जाणाऱ्या हिंदूंची नावं लिहून घेऊन गुपचूप धर्म बदलतात, आणि २०३५ पर्यंत मुंबईत ख्रिश्चन बहुसंख्य होणार.

आधी माहीमचंच घेते, कारण डोकं तिथेच फिरलं. आई, तू स्वतः नऊ बुधवार केलेस गं! बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी. मी आठ वर्षांची होते, तू मला हाताला धरून न्यायचीस, बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचं घर, मेणाचं बाळ असं सगळं मांडलेलं असायचं, ज्याला जे हवं त्याने ते घ्यायचं. तू छातीचा घेतलास, कारण बाबांचं हार्टचं होतं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून तू तो मेणाचा ठोकळा मेरीमातेपुढे ठेवलास आणि घरी येऊन संध्याकाळी देवापुढे दिवा लावलास. त्या हिशोबाने तू ख्रिश्चन होऊन पस्तीस वर्षं व्हायला आली, मग गेल्या महिन्यात सत्यनारायण कोणी घातला?

माहीमच्या सेंट मायकलमध्ये बुधवारचा नोव्हेना, म्हणजे ती नऊ बुधवारांची प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे. इतकी वर्षं दर बुधवारी दिवसभर रांगा, त्यात अर्ध्याअधिक बायका साडी-कुंकवातल्या, बुरख्यातल्यासुद्धा असतात. इतक्या लोकांचा गुपचूप धर्म बदलला असता तर आत्तापर्यंत दादर ते वांद्रे एक माणूस शिल्लक राहिला नसता.

आणि ख्रिश्चन होणं म्हणजे काय रेशन कार्डात नाव घालणं आहे का? कॅथलिकांमध्ये मोठ्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा तर कित्येक महिने शिकवणीला बसावं लागतं, मग साधारण ईस्टरच्या आदल्या रात्री तो विधी होतो. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला कम्युनियनची ती पांढरी चकतीसुद्धा देत नाहीत. हे मला अनुभवाने माहितीये, मला वाटलं प्रसाद वाटतायत म्हणून मी लायनीत घुसले होते, तर रोझीमावशीने फ्रॉकची कॉलर धरून मला मागे ओढलं. फसवून आत घेणारे लोक पोरीला लायनीतून बाहेर काढतात होय?

आता ते इंग्रजांचं. इथे मेसेजवाल्याने चौथीच्या इतिहासाचं पुस्तक जरी उघडलं असतं तरी चाललं असतं. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ ला, वांद्रे, कुर्ला, कलिना, मरोळ ही साष्टीची (म्हणजे आताच्या उपनगरांची) गावंही त्यांच्याच ताब्यात, आणि इथले ख्रिस्ती झाले ते त्या काळात. इंग्रजांना साष्टी मिळाली १७७४ ला. मधली पस्तीस वर्षं, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यापासून, इथे मराठ्यांचं राज्य होतं आणि ही मंडळी त्या राज्यातही बहुतांशी ख्रिस्तीच राहिली. कंपनी सरकार तर १८१३ पर्यंत मिशनऱ्यांना आपल्या मुलखात पाय ठेवू द्यायलाही नाखूश होतं, धंद्यात खोटी नको म्हणून.

बरं, एक मान्य करते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन लिहिणारच. पोर्तुगीजांनी जबरदस्ती केली, देवळं पाडली, हे खरंय. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यात जाऊन बघा, शंकराच्या लेण्यात चर्च थाटलं होतं आणि वर डोक्यावर त्यांच्या बांधकामाचे अवशेष अजून उभे आहेत. आणि हल्ली हॉल भाड्याने घेऊन 'कॅन्सर बरा करतो' म्हणणारे जे काही लोक आहेत त्यांचा मलाही राग येतो, जसा अंगारा देणाऱ्या बाबांचा येतो तसाच. पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी जे केलं त्याचा जाब कलिन्याच्या रोझीमावशीला विचारायचा? तिच्याच पूर्वजांवर झालं ना ते!

'मराठी नाहीत' याला काय उत्तर द्यायचं, खरंच कळत नाही. परेरा, डिसोझा ही आडनावं बाप्तिस्म्याबरोबर चिकटली. रोझीमावशीच्या समाजाला 'ईस्ट इंडियन' म्हणतात, हे नाव इंग्रजी आहे, ते कबूल, कंपनीचीच आठवण आहे त्यात. गोव्या-मंगळूरहून नोकरीला आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण इथले वेगळे हे दाखवायला १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी ते स्वतःच घेतलं. म्हणजे नाव घेतलं तेच मुळी 'आम्ही इथले भूमिपुत्र' सांगायला. यांच्या लग्नात आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात, म्हाताऱ्या लुगडं नेसतात, ऑक्टोबरात आगेरा करतात तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हाही असलेच मेसेज फिरले होते म्हणा.

क्रॉसचं थोडक्यात सांगते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मेली, तेव्हा वांद्र्यापासून गिरगावच्या खोताच्या वाडीपर्यंत गावठाणांत, वाड्यांत लोकांनी साकडं घालून क्रॉस उभे केले. त्यातल्या कित्येकांवर साल कोरलेलं आहे. आमच्या चाळीमागे जो होता त्यावर रंगाचे इतके थर चढलेत की १८९७ मधला शेवटचा सात बोटाने चाचपूनच कळतो, आणि त्याला झेंडूचा हार आमच्याकडचा फुलवालाच घालतो. हल्ली उभा केलेला म्हणे! आणि जागा हडपण्याचंच बोलायचं तर अंधेरीच्या सीप्झमध्ये, त्या कंपन्यांच्या बंदिस्त वसाहतीत, जा. म्हणजे जा म्हटलं तरी गेटवर पास मागतील. त्या कंपाउंडच्या आत १५७९ सालचं चर्च पडक्या अवस्थेत उभं आहे, १८४० च्या सुमारास साथ आली म्हणून गावकरी ते सोडून मरोळला गेले. आता तिथे मिस्सा करायला वर्षातून एकदा, मे महिन्यात, आत सोडतात. आपल्याच गावच्या चर्चमध्ये जायला परवानगी काढणारे लोक शहर गिळायला निघालेत.

राहिलं ते २०३५. यासाठी मी २०११ ची जनगणना उघडून बसले, कारण २०२१ ची झालीच नाही, तेव्हा शेवटचे खरे आकडे तेच. बृहन्मुंबईत ख्रिश्चन ३.२७ टक्के. बौद्ध ४.८५, जैन ४.१०, दोघेही त्यांच्यापेक्षा जास्त. अख्ख्या महाराष्ट्रात २००१ ला ख्रिश्चन होते १.०९ टक्के, २०११ ला ०.९६. टक्का खाली आलाय! दहा वर्षांत सव्वाअकरा कोटींच्या राज्यात वाढले किती, तर बावीसेक हजार. रोझीमावशीच्या तीन पोरांतली दोन कॅनडाला आहेत, तिसऱ्याचे पेपर चालू आहेत, मग बहुसंख्य होणार ते नेमकं कोणाच्या जिवावर?

हे सगळं मी काल रात्री फोनवर आईला वाचून दाखवलं. तिने पहिल्यांदा मेसेज डिलीट कसा करायचा ते विचारलं, मी म्हटलं तीन दिवस होऊन गेले, आता सगळ्यांच्या फोनवरून निघणार नाही. मग म्हणाली, बाकीचं राहू दे, पण तिथे लिहून घेतात ते खरंय, मी दिलं होतं लिहून. मी उडालेच. तर ती चिठ्ठी निघाली. बाबा बरे होऊन घरी आल्यावर तिने वहीचं पान फाडून मराठीत आभार लिहिले होते आणि चर्चमधल्या पेटीत टाकले होते, तिथे सगळेच टाकतात, नवस बोलायला आणि फेडायला. नोव्हेनाच्या वेळी त्यातल्या काही चिठ्ठ्या वाचून दाखवतात, हेही मी तिला सांगितलं.

थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारते, "माझी वाचली असेल का गं त्यांनी? अक्षर जरा गिचमिड झालं होतं."