सगळेच भाट नव्हते

आज सकाळी आमच्या जुन्या ग्रुपवर कोणीतरी चीनच्या चोवीस राजवंशीय इतिहासांबद्दल (जुन्या घराण्यांचे अधिकृत मानले गेलेले चोवीस इतिहासग्रंथ) काहीतरी टाकलं होतं. खाली एका मित्राने (चांगला मित्र आहे, म्हणून जास्त लागलं) लिहिलं, "नव्या राजाने पगार देऊन जुन्या राजाबद्दल लिहून घेतलेलं सगळं. पगारी भाट. इतिहास जेतेच लिहितात." त्यावर धडाधड अंगठे. मी तिथेच उत्तर टाईप करायला घेतलं, दोनदा खोडलं, म्हणून आता इथे लिहितेय आणि लांबणार आहे.

वीसेक वर्षांपूर्वी मी पुण्यात ऑफिस सुटल्यावर चिनी भाषेच्या क्लासला जायचे. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही लाओशी म्हणायचो, चिनीत शिक्षकांना तसंच म्हणतात. एकदा असा पाऊस लागला की आम्ही चौघंच पोचलो. लाओशींनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर पाच अक्षरं लिहिली. त्स्वेइ झू शी छी च्युन. त्स्वेइ झूने आपल्या राजाचा घात केला. इ.स.पू. 548, ची नावाचं राज्य, त्स्वेइ झू तिथला सर्वात ताकदवान मंत्री, आणि दरबारच्या इतिहासकाराने हे वाक्य नोंदलं म्हणून त्याने त्याला मारलं. लाओशींनी डस्टर घेतलं, फळा पुसला आणि तीच पाच अक्षरं परत लिहिली. हा त्याचा भाऊ. यालाही मारलं. पुसलं. परत लिहिलं. अजून एक भाऊ. पुसलं. चौथ्यांदा लिहिलं आणि डस्टर टेबलावर ठेवून दिलं. चौथ्याला त्स्वेइ झूने सोडून दिलं.

हे चौघंही सरकारी नोकर होते बरं का. पगारी.

आणि त्या पाचातलं मधलं अक्षर बघा, शी. ठार मारण्यासाठी चिनीत दुसरे शब्द आहेत की, पण शी म्हणजे खालच्याने वरच्याला मारणं, प्रजेने राजाला, मुलाने बापाला. तो एक शब्द लिहिला की निकालच लागला. तीन जण मेले ते त्या शब्दासाठी. आता तो राजा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, मंत्र्याच्या बायकोशीच त्याचं प्रकरण होतं, हे मान्य. पण नोंद ती नोंद.

मित्रा, तू म्हणतोस राजाने लिहून घेतलं. अरे, मग राजे त्या दरबारी नोंदवहीला घाबरत का होते? थांग राजवंशाचा ताइझोंग, ज्याने 626 साली राजवाड्याच्या दारात सख्ख्या भावांना मारून गादी मिळवली, तो एकदा रोजची नोंद ठेवणाऱ्या चू स्वेइलियांगला विचारतो, तू लिहितोस ते मला बघता येईल का? तो म्हणतो, राजाने वाईट वागू नये म्हणून बरंवाईट सगळं लिहितात, राजाने स्वतः ते वाचल्याचं मी कधी ऐकलं नाही. मग माझं वाईटही लिहिणार? लिहिणं हेच माझं काम आहे, कसं नाही लिहिणार. बाजूला उभा असलेला दुसरा अधिकारी म्हणतो, याने नाही लिहिलं तरी जग लिहीलच. कोणाच्या तोंडावर? दोन भावांना मारलेल्या माणसाच्या! मला हे वाचून आजही काटा येतो.

हो, पुढे ताइझोंगने त्या नोंदींवरून संपादून केलेला वृत्तांत मागवून वाचलाच, आणि तो भावांचा प्रसंग कसा लिहायचा हेही सुचवलं. माहितीये मला. मिंग काळात योंगलने पुतण्याकडून गादी हिसकावली आणि त्या पुतण्याची, ज्येनवनची, चार वर्षं आजोबांच्या काळात ढकलून टाकली, जणू तो पोरगा कधी राजा झालाच नव्हता. छिंग काळात 1663 मध्ये एका खाजगी मिंग इतिहासापायी सत्तरेक माणसं मारली गेली. हे सगळं झालंय. पण डस्टर चालतं म्हणून खडूला भाट म्हणायचं का? संतापच येतो खरंच.

आणि "जेते लिहितात" म्हणणाऱ्यांनी एकदा वान सथोंग या इतिहासकाराबद्दल वाचावं. पद्धत अशी, की राजा गेला की त्याच्या रोजच्या नोंदींवरून सविस्तर वृत्तांत तयार व्हायचा आणि घराणं बुडालं की पुढचं घराणं त्याचा पूर्ण इतिहास लिहायचं. मिंग बुडाले, मांचू आले (त्यांचंच घराणं छिंग), त्यांनी मिंगचा इतिहास लिहायला घेतला. वान हा बुडालेल्यांच्या बाजूचा. 1679 मध्ये तो बीजिंगला गेला, पण नव्या सरकारचं पद घेतलं नाही, पगारही नाही, साधा प्रजाजन म्हणून बसला आणि 1702 मध्ये मरेपर्यंत त्याच मसुद्यावर काम करत राहिला. पुस्तक पूर्ण झालं 1739 मध्ये, वर नावं दुसऱ्यांची. आणि योंगलने पुसलेल्या त्या ज्येनवनला त्यात स्वतःचं प्रकरण मिळालं, चौथं. लाओशींच्या फळ्यावर पण चौथ्यांदाच टिकलं होतं, मला ते एकदम आठवलं.

लिहितालिहिता राग थोडा उतरलाय. सिमा छ्यान या इतिहासकाराचं सांगते आणि थांबते. हरलेल्या एका सेनापतीची बाजू घेतली म्हणून हान सम्राट वूने त्याला मृत्यूची शिक्षा दिली. पैसे भरून सुटता आलं असतं, तेवढे त्याच्याकडे नव्हते. लोक अशा वेळी जीव द्यायचे, त्याने खच्चीकरण पत्करलं, कारण मरत्या बापाला शब्द दिला होता की इतिहास पूर्ण करीन. 130 प्रकरणं पूर्ण केली. ते सरकारी हुकमाने लिहिलेलं नव्हतं असं कोणी म्हणेल, ठीक आहे, नव्हतं, पण चोवीसांत पहिलं तेच धरतात. त्याने मित्राला लिहिलेलं पत्र आहे, त्यात म्हणतो, ती लाज आठवली की पाठीला घाम फुटतो. मी ते रात्री वाचलं होतं आणि बराच वेळ झोपले नव्हते.

त्या पावसाच्या संध्याकाळी गोष्ट तिथे संपली नव्हती. राज्याच्या दक्षिणेकडच्या एका इतिहासकाराच्या कानावर आलं की दरबारातले सगळे मारले गेले, तर तो स्वतःच्या बांबूच्या पट्ट्या घेऊन निघाला, ते वाक्य लिहायला. वाटेत कळलं की लिहिलं गेलंय, तसा परत फिरला. मी विचारलं, लाओशी, त्याचं नाव काय? त्या म्हणाल्या, नाव दिलेलं नाही. आणि पर्स उचलून निघाल्या, फळा तसाच ठेवून.

त्या बॅचमधलं कोणी हे वाचत असेल तर कळवा ना, लाओशी आता कुठे असतात? माझ्याकडचा नंबर लागत नाही.