पावणेआठ इंचांचा ढाळ

आज सकाळी कोपऱ्यावर दूध आणायला गेलो, तर दूधवाल्याने पिशवी हातात द्यायच्या आधी विचारलं, “काय भावा, सुटला का न्हाई?” मागे उभ्या असलेल्या तिघांनाही उत्तर ऐकायचं होतं. “सुटला,” म्हणालो आणि निघालो. सुटला म्हणजे पाइप. पण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत असला खुलासा कुणालाच नको असतो.

घर जुनं, संडास मागे परड्यात. आईची खोली माडीवर, रस्त्याच्या अंगाला. आईचे गुडघे आणि रात्रीचा जिना यांचं जमेना, म्हणून माडीवरच कोपऱ्यात संडास काढायचं ठरलं. खडूने आखूनही झालं. मग प्लंबरने मागच्या उभ्या पाइपापर्यंत टेप लावली आणि विचारलं, “२६ फूट. ढाळ कुठनं आणायचा?”

उताराला आणि जुलाबाला मराठीत एकच शब्द आहे. तो ज्याने केला, त्याच्या घरीही संडास लांबच असणार. चार इंची पाइपाला चाळीसास एक ढाळ लागतो. ४० इंच पुढे गेलं की १ इंच खाली. २६ फुटांचे ३१२ इंच, म्हणजे पावणेआठ इंच. पाइपाची स्वतःची जाडी सव्वाचार. दोन्ही मिळून फूटभर. एवढी जागा फरशीच्या वर काढायची, तर अख्खी माडी उचलावी लागते. नुसता संडास उचलला, तर दोन पायऱ्या चढून कमोडवर बसायचं, म्हणजे दसऱ्याची अंबारीच. आणि हे सगळं गुडघ्यांसाठी! स्लॅबखालून न्यायचा तर मधे बीम, आणि बीमला भोक पाडायचं नाही. बीमखालून नेला तर पाइप बैठकीतून, आजोबांच्या फोटोवरून जाणार. आजोबांनी हयातीत बऱ्याच गोष्टी सहन केल्या, पण ही नको.

मेहुण्याने पंप सुचवला. कमोडच्या मागे पेटी बसते, आत पातं असतं, सगळं दळून सव्वा इंची नळीने ढकलतं. ढाळाची कटकट नाही. खरं आहे. पण वीज गेली की पेटी बंद, आणि आत केस किंवा कापडाचा तुकडा गेला तर ती उघडून साफ कोण करणार, हे मेहुण्याने सुचवलं नाही.

शेवटी बाहेरून, बाजूच्या बोळातल्या भिंतीवरून पाइप न्यायचा ठरला. इथे एक गोष्ट कामाला आली. दुकानदार ‘एस’ ट्रॅपचा कमोड गळ्यात मारत होता. ट्रॅप म्हणजे पाणी धरून वास अडवणारं वळण. त्याचं तोंड खाली फरशीत जातं, म्हणजे स्लॅब फोडणं आलं. ‘पी’ ट्रॅपचं तोंड मागे भिंतीत, फरशीपासून साधारण ७ इंचांवर असतं. ते ७ इंच म्हणजे फुकटात मिळालेला ढाळ. कमोड घेताना लोक रंग बघतात, सीट आपोआप हळू पडते का बघतात. मागे जाऊन भोक कुठे आहे ते कुणी बघत नाही.

आता मुख्य प्रकरण. पाइप बसला, चाचणी ठरली. प्लंबर म्हणाला, नुसतं पाणी सोडून कळत नाही, कणकेचे गोळे सोडा. बायकोने १० गोळे वळून दिले आणि त्या दिवशी चपात्या होणार नाहीत हेही सांगितलं. चेंबरच्या अंधारात नीट दिसावेत म्हणून त्यांत हळद मी घातली. ते फारच नीट दिसले.

मी वर, प्लंबर बोळात शिडीवर. मागच्या गल्लीत चेंबरचं झाकण उघडून बसायला माणूस हवा होता. तिथे आमचे पैलवान मामा आयतेच उभे होते. ऐन उमेदीत खासबागेच्या लाल मातीत खेळलेले, आणि पुढे जत्रेच्या मैदानात माइकवर कुस्त्या सांगितलेला हा माणूस. आता माइक नाही, पण मामांना त्याची गरज कधी होती?

मी फ्लश ओढला.

“सुटला! वरनं सुटलाय, मंडळी! पाणी आलं... नुसतंच पाणी आलं. गडी दिसंना!”

दुसरा फ्लश.

“खडाखडी चालू हाय! पाइपात आवाज हाय, पर गडी आखाड्यात उतरंना!”

समोरच्या गॅलरीत दोन वहिनी आल्या. शिकवणीला निघालेली पोरं सायकली टेकवून उभी राहिली. मी वरून, खिडकीला तोंड लावून, हळू आवाजात म्हणालो, “मामा, जरा हळू.”

“हळू न्हाई, जोर लाव जोर!”

गॅलरीतल्या वहिनी आत गेल्या. पण दार उघडंच ठेवून.

पाच फ्लशनंतर एक गोळा आला. मामांनी तो जाहीर केला, त्याचा रंग जाहीर केला आणि कोणाच्या घरचा तेही जाहीर केलं. उरलेले नऊ गोळे मधेच. प्लंबर म्हणाला, “जातंय की हळूहळू, चालतंय.” मामा कडाडले, “चालतंय काय? कुस्ती बरोबरीत सोडायची न्हाई. निकाली पायजे!”

मामांचं बरोबर होतं, याचाच मला जास्त राग आहे. झालं होतं असं, की स्वयंपाकघराच्या खिडकीचा छज्जा वाटेत आला, तेव्हा प्लंबरने पाइप त्याच्यावरून ६ फूट सपाट नेला आणि पुढे काटकोनी बेंड मारून खाली सोडला. सपाटीवर गोळे बसले. गेलेला उतार नंतर एकदम देऊन भरून निघत नाही. पाणी पुढे पळतं, माल मागे राहतो. त्यात रबरी रिंगच्या जोडात पाइप ठासून बसवलेले. तिथे १० मि.मी. जागा सोडायची असते. उन्हात पाइप वाढतो, सरकायला जागा नसली की वाकून दोन क्लॅम्पच्या मधे पोट काढतो. हे त्याला माहीत होतं. मी विचारल्यावर त्याने सगळं घडाघडा सांगितलं. मग आधी का नाही केलं? “तुमी कुठं विचारलंसा?” पैसे देऊन परीक्षाही आपणच घ्यायची, हा नियम कुणी केला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सगळं उतरवलं. दोरी आणि पाण्याची लेव्हल नळी लावून एकसलग ढाळ काढला. छज्ज्याचा कोपरा तोडावा लागला. काटकोनाच्या जागी ४५ अंशांचे दोन-दोन बेंड, वळणाला झाकणाचा बेंड, दर ३ फुटांवर क्लॅम्प, आणि उभ्या पाइपाला साध्या काटकोनी ‘टी’ जोडाऐवजी तिरका ‘वाय’. तेवढ्यात कळलं, की वर फ्लश ओढला की खाली न्हाणीच्या जाळीतून गुडगुड होतं. उभ्या पाइपाच्या डोक्यावर कुणीतरी पूर्वी टोपण ठोकलेलं. हवा मिळेना, म्हणून तो न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घ्यायचा. ते दोन इंच पाणी गेलं की वास थेट घरात. टोपण काढून पाइप गच्चीच्या वर नेला आणि जाळीची टोपी बसवली. मजुरी दोनदा दिली. छज्ज्याचे वेगळे.

दुसऱ्या चाचणीत दहाच्या दहा गोळे आले. मामांनी “चितपट!” म्हणून मांडीवर शड्डू ठोकला, तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेला.

आईला संडास आवडला. फक्त टाकीचं छोटं बटण दाबायचं नाही, असं तिला सांगितलंय; ३ लिटर पाणी २६ फूट काही नेत नाही, ६ लिटरचंच दाबायचं. ती दाबते. बोळातून पाइप खळखळतो, आणि मामा सकाळी तिथेच तंबाखू मळत उभे असतात.

“आला!”