गरम पाण्याची लाइन

वाईच्या घराचे जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप आतून गंजलेत, सकाळची पहिली बादली तांबूस येते. म्हणून दादा सगळं पाइपिंग नव्यानं करतोय. गरम पाण्याची लाइन तरी तांब्याची घे, एवढंच मी म्हटलं, तर घरच्या ग्रुपवर दोन दिवस सगळे माझ्यावर तुटून पडले. ‘तांबं आता कोण घालतं? सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप घाल आणि मोकळा हो.’ शेवटी ते ठरलेलं वाक्य आलंच: ‘तुला तिथं बसून इथलं काय कळतंय?’

या वाक्याची मला चीड येते. इंग्लंडात रेडिंगमधलं आमचं घर 1958 सालचं. जमिनीच्या लाकडी फळ्यांखालचे अर्धा इंची तांब्याचे पाइप बरेचसे मूळचेच आहेत. पाणी इतकं कडक की केटलमध्ये पंधरा दिवसांत पापुद्रा धरतो, तरी आजवर एक सांधा ठिबकलेला नाही. हे मी रोज बघते, मग बोलू नको?

सीपीव्हीसी साधारण 93 अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. दादाच्या गच्चीवर सोलर हीटर आहे. मे महिन्यात घरात कोणी नसलं की त्यातलं पाणी उकळीला टेकतं. शिवाय तापला की हा पाइप तांब्याच्या जवळपास चौपट लांबतो. त्याला हलायला जागा न ठेवता भिंतीत सिमेंटनं लिंपून टाकला, तर ताण एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, येतो, आणि गळती कळते ती फरशी फुगल्यावर.

वहिनीला भीती, तांबं पाण्यात उतरेल. आम्लधर्मी पाण्यात उतरतं, निळसर डागही पडतात. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी असेल तर मीसुद्धा विचार करीन. पण आपलं देशावरचं पाणी क्षारी. आणि आपण सगळे तांब्याच्या बंबातल्या पाण्यानं न्हालो ना? दिवाळीआधी आई तो चिंचेनं घासायची, अंगण लखलखायचं.

मग दादाचा फोन आला. तो चिडला नव्हता. म्हणाला, ‘अगं, तांब्याचे सांधे डाग देऊन जोडणारा प्लंबर इथं मला तरी माहीत नाही, एसीवाला बोलवावा लागेल. रात्री गळायला लागलं तर तो येणारे का? सीपीव्हीसीचा एल्बो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पोरगा येऊन अर्ध्या तासात चिकटवून जातो.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक गोष्ट मी त्याला सांगितलेलीही नाही. दोन वर्षांपूर्वी इथली वरची बाथरूम नवी केली, तेव्हा प्लंबरनं पांढरा पुश-फिट, नुसता दाबून बसवायचा, प्लास्टिकचा पाइप घातला. त्यानं विचारलं होतं. मला सोमवारी ऑफिस होतं, मी हो म्हटलं. इथं मला काम उरकायचं होतं. वाईच्या घरात मात्र तांबंच हवं, शंभर वर्षं टिकणारं हवं, आणि गेल्या तीन वर्षांत त्या घरात मी राहिले अकरा दिवस.

फोन ठेवताना मी म्हटलं, बरं, तुझं सीपीव्हीसी घाल, पण माझ्या खोलीशेजारच्या न्हाणीत गरम पाण्याची लाइन विसरू नको. तो जरा थांबला. म्हणाला, ‘ती न्हाणी कधीच काढली गं. खोली मोठी केली, पोरांचा अभ्यास असतो तिथं.’