घरातली नासाडीही मोजायला हवी
लेखात अन्नाच्या नासाडीचा सगळा ठपका हॉटेलं आणि मोठ्या दुकानांवर ठेवलाय, ते मला पटलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून! फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या सुपरमार्केटना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी घातली, ते उत्तमच झालं. पण घरच्या फ्रिजमध्ये कुठला कायदा डोकावणार?

घरात बराच घोळ पाकिटावरच्या तारखेचा असतो. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची मुदत. ती उलटली म्हणून नीट साठवलेला पदार्थ लगेच फेकण्याजोगा होत नाही. ‘यूज बाय’ मात्र सुरक्षिततेची तारीख, ती पाळायलाच हवी. हा फरक पाकिटावर ठळक, साध्या भाषेत छापण्याची सक्ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक राहिलं. कचराभूमीत दबलेलं अन्न हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन हा पृथ्वीचं तापमान वाढवणारा वायू निघतो. खत केल्याने तो बराच टळतो, म्हणून खत जरूर करा. पण ते अन्न पिकवायला लागलेलं पाणी आणि इंधन त्याने भरून येत नाही. आधी खरेदीच बेताची हवी.